चामटोलीचा सर्वांत मोठा गाडीवान

॥ श्री ॥

उल्हासनगर, कॅम्प १
रविवार, ३ नोव्हेंबर १९५७

ति. सौ. अंजनीताईस,
सदूचे शि. सा. न. वि. वि.

दिवाळीहून परतल्यापासून लिहीन लिहीन म्हणतो आहे, पण गॅरेजात सहा ट्रक पोट उघडून पडले होते. तू दिलेल्या चकल्या दोन दिवसांत संपल्या. त्यातल्या निम्म्या आमच्या टेकचंदशेठने खाल्ल्या आणि वर विचारले की तुझी बहीण खरोखर शाळेत शिकवते की फराळाचे दुकान चालवते.

सध्या आमच्याकडे रोज चहाच्या वेळी एकच वाद चालतो. अर्जेंटिना देशातला फांजिओ नावाचा गृहस्थ मोटारींच्या शर्यतीत यंदा पाचव्यांदा जगात पहिला आला. मी म्हणालो, मग तोच आजवरचा सगळ्यात मोठा. शेठ उखडलाच. तो फाळणीत कराचीहून आला तेव्हा पान्यांची एक पेटी आणि मोटारींची चार जुनी मासिके एवढेच घेऊन आला होता, आणि ती मासिके त्याला तोंडपाठ आहेत. त्याचे म्हणणे, लढाईच्या आधी इटलीचा नुव्होलारी होता. जर्मनीत ज्या डोंगरी रस्त्यावर फांजिओ यंदा जिंकला, त्याच रस्त्यावर नुव्होलारी बावीस वर्षांपूर्वी जिंकला, आणि तोही जुनाट गाडी घेऊन, जर्मनांच्या नऊ दांडग्या गाड्यांसमोर. शेठ म्हणतो, साईं, चांगल्या गाडीत बसून कोणीही राजा होतो. निरनिराळ्या काळातले हाकणारे तोलायचे तर कमी गाडी घेऊन कोणी कोणाला हरवले तेवढेच बघ.

हे ऐकताना मला सारखे आपले दादा आठवत होते. माघी पौर्णिमेच्या जत्रेत पंच देवळाच्या ओट्यावर दगड बसवणार आणि त्यावर चामटोलीच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या गाडीवानाचे नाव कोरणार, हे तूच सांगितलेस. नावे तीन. बनूबाईंचे कैलासवासी यजमान, आपले दादा आणि आताचा हिंदुराव. हिंदुराव पाच वर्षे लागोपाठ जिंकतो आहे म्हणून सगळे त्याच्याकडे झुकले आहेत. पण शेठचा काटा लावला तर दादाच भारी ठरतील, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी पासष्टी ओलांडली. त्यांचे नाव त्यांच्या डोळ्यांदेखत कोरले जावे, एवढी माझी इच्छा आहे. तू शाळेतली एक कोरी वही घे आणि जुन्या शर्यतींची माहिती जमव. कोणत्या साली, कोणती जोडी, समोर कोण, हाकणारा कोण.

भावजींना नमस्कार, नीलिमाला पापा. तुझी माया आहे तशीच राहू दे, आणि पुढच्या चकल्या दोन डब्यांत पाठव.

तुझा,
सदू

॥ श्री ॥

चामटोली
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

चि. सदूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. दादांना वाचून दाखवले, पण दगडाचा मजकूर आला तसे ते बैलांना पाणी दाखवायचे राहिले म्हणून उठले. पाणी मी तासाभरापूर्वीच दाखवले होते. दादा असेच आहेत. स्वतःचे कौतुक निघाले की त्यांना गोठा आठवतो. आई होती तेव्हा तीही यावरून त्यांना चिडवायची.

यांना तुझा वाद फार आवडला. काडेपेटीच्या कारखान्यातून संध्याकाळी सायकलवरून आले की मला विचारतात, आज नुव्होलारी पुढे की फांजिओ? तुझ्या शेठने कधी छकड्यांची शर्यत पाहिलेली नसेल, तर त्याला एवढे सांग. भाताची कापणी झाली की ओढ्याकाठच्या रिकाम्या खाचरांतून दोन छकडे एकदम सोडतात. चिंचेपाशी मोठे वळण आहे. त्यातून जो सावरून निघतो तो बहुधा देवळाच्या माळावर आधी येतो. पुढे बैल थांबतात ते थेट आमराईत. तिथून जिंकलेला छकडा वाजतगाजत देवळापाशी आणतात. प्रत्येक घराच्या फेट्याचा रंग ठरलेला. आपला लिंबाच्या रंगाचा, बनूबाईंचा गुलाबी, हिंदुरावाचा भगवा. धुळीत माणूस ओळखू येत नाही, रंगावरून घर ओळखतात.

वहीची सात पाने भरली. पण गंमत अशी की इथे सगळ्यांना बैल आठवतात, माणसे नाहीत. बनूबाईंनी सत्तावीस सालच्या जोडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा सांगितला. हाकत कोण होते विचारले तर माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू मीच शुद्धीवर नाही. म्हणाल्या, छकडा आमचा होता, मग दुसरे कोण असणार. जो तो हेच म्हणतो. हिंदुराव स्वतः भेटला. त्याला राग आलेला नाही. उलट म्हणाला, मास्तरीणबाई, माझी पाचही वर्षे नीट लिहा, आणि माझी जोडी गावात सगळ्यात चांगली होती हेही लिहा, मी लपवत नाही. मला तो माणूस बरा वाटला. हे वाचून तू रागावशील म्हणूनच लिहिले.

प्रकृतीस जप. डब्यांचे बघते. ताईची आठवण चकल्यांपुरती ठेवू नये, ही विनंती.

तुझी ताई,
अंजनी

॥ श्री ॥

उल्हासनगर, कॅम्प १
रविवार, २४ नोव्हेंबर १९५७

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हिंदुरावाचे गुण गा. मी माझा हुकमाचा पत्ता टाकतो. चौतीस साल. समोर बदलापूरची नावाजलेली जोडी, आणि आपल्याकडे भिंगऱ्याच्या जोडीला पाखऱ्या नव्हता. त्याचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता. ऐन वेळी कोसा हा नांगराचा बैल जुंपला आणि तरीही आपला छकडा दोन बैलांच्या अंतराने पुढे आला. मी पाच वर्षांचा होतो, तू आठ. आमराईकडून ताशे वाजत आले तेव्हा मला आईने कडेवर घेतले होते. लिंबाच्या रंगाचा फेटा बांधून दादा छकड्यावर उभे होते, हातात आसूड, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. हे मी स्वतः पाहिले आहे. तूही पाहिले आहेस.

शेठला हे सांगितले तर तो खुर्चीतून उठला. म्हणाला, नांगराचा बैल जुंपून हरवले? मग तुझा बाप चामटोलीचा नुव्होलारी आहे. ताई, मला किती बरे वाटले म्हणून सांगू. पण पंचांपुढे पुरावा पाहिजे. कोसा खरोखर नांगराचाच होता, हे सांगणारा कोणी हवा. आपल्या सगळ्या आळीचे बैल त्या काळी पावसाळ्यात बारवीच्या रानात नवसू ठाकर सांभाळायचा. तो जिवंत असेल तर ठाकरवाडीवर जाऊन त्याला विचार. दादांना आत्ता सांगू नकोस, नाहीतर ते पुन्हा गोठ्यात जातील.

भावजींना सांग, आज नुव्होलारी पुढे. तुझ्या लोभाची ऊब थंडीत जास्त लागते.

तुझा,
सदू

॥ श्री ॥

चामटोली
सोमवार, ९ डिसेंबर १९५७

चि. सदूस,
अनेक आशीर्वाद.

काल यांच्याबरोबर वाडीवर जाऊन आले. हे पत्र शांतपणे वाच, आणि वाचून लगेच उत्तर लिहायला बसू नकोस.

नवसू आहे. पन्नाशी ओलांडली आहे, पण अंगाने अजून वेताच्या छडीसारखा आहे. त्याने आम्हांला पडवीत बसवले, त्याच्या बायकोने, ठमीने, गुळाचा खडा आणि पाणी दिले. मी कोशाचे विचारले. त्याने सांगितले, हो, नांगराचाच होता, डाव्या अंगाला ओढायचा, वळणाच्या आधी त्याला थोपवावे लागले. मी सहज म्हणाले, एवढे बारीक तुम्हांला कसे माहीत, तुम्ही तर माळावर असाल. तेव्हा चुलीपाशी बसलेली ठमी म्हणाली की त्याला नाही तर कोणाला माहीत असणार, छकड्यावर बसला होता तोच. नवसूने तिला गप्प केले. यांनी समजुतीने विचारले, तेव्हा दादांविषयी एवढेच म्हणाला की नाथाशेट भला माणूस आहे, जुन्या गोष्टी उकरू नका.

ठमी आम्हांला ओढ्यापर्यंत सोडायला आली. तिने सगळे सांगितले. चौतीस साली फेट्याचा शेमला नाकातोंडावरून गुंडाळून तो बसला होता. त्याआधी सव्वीस ते एकोणतीस बनूबाईंच्या घरचा छकडाही त्यानेच हाकला. हिंदुराव मात्र स्वतः हाकतो, त्यात खोट नाही. आमराईत बैल धरले की हाकणारा उतरायचा आणि घरचा माणूस वर चढायचा, मग ताशे. तशी रीतच होती. म्हणजे सदू, आपण लहानपणी जे पाहिले ते खरेच पाहिले, पण ते आमराईच्या अलीकडचे होते.

मी दादांना अजून काही बोललेले नाही. मला वाईट वाटते आहे, आणि नवसूचे तर त्याहून जास्त वाटते आहे. वही तशीच पडून आहे. तू शहाणा आहेस, एवढे लक्षात ठेवून मला लिही.

तुझी ताई,
अंजनी

॥ श्री ॥

उल्हासनगर, कॅम्प १
शुक्रवार, १३ डिसेंबर १९५७

ति. सौ. ताईस,
नमस्कार.

ती वही चुलीत घाल. ठमीच्या शब्दावर तू आपल्या बापाला खोटे पाडणार? कोणीही चोवीस वर्षांनी उठून म्हणेल की मी होतो. दादांनी आपल्याला वाढवले, विकली नाही एक वीत जमीन, कोणापुढे मान खाली घातली नाही. आयुष्यात त्यांना एकच नाव मिळाले, ते तू त्यांच्या म्हातारपणी काढून घेऊ नकोस. मी सुरू केले हे मला मान्य आहे. आता मीच सांगतो, थांबव. दगडावर हिंदुरावाचे नाव गेले तरी चालेल.

जास्त काय लिहू. राग आहे, पण तो टिकत नाही हे तुला ठाऊक आहे.

सदू

॥ श्री ॥

चामटोली
रविवार, २२ डिसेंबर १९५७

चि. सदूस,
बापाचे अनेक आशीर्वाद.

अंजनी लिवते, मी बोलतो. मी बोलीन तसंच लिवायचं, शुद्ध करायचं नाय, असं तिला सांगितलंय.

तुझं कारड माझ्या हाती पडलं. टपालवाला गोठ्यात आला व्हता. नीलिमानं वाचून दाखवलं, तिला अर्धं कळलं, मला पुरं कळलं. अंजनीवर राग धरू नको. ती काय बोलली नाय.

ठमी बोल्ली ते खरं हाय. मी छकड्यावर एकदाच बसलो. तेहतीस साली. चिंचेच्या वळणावर उलटा केला आनि खाचरात तोंडावर पडलो. सगळ्या गावानं पाह्यला. पुढल्या साली पाखऱ्या लंगडला तवा माझे हातपाय गळाले. नवसू बोल्ला, मी बसतो. मी त्याच्या डोक्याला माझा फेटा बांधला, तोंड झाकून घ्यायला सांगितलं. जिंकला. आमराईत तो उतरला नि मी चढलो. रीत तशीच व्हती, कोनाला काय वाटायचं नाय. ठाकराचं नाव कोन घेतो. त्याला धोतर दिलं, पायली भात दिला. रातीच्या जेवणाला तो माझ्या अंगणात बसला, नि मी पाटावर.

तवाच्या जाणत्या मानसांना म्हाईत व्हतं. ती एकेक गेली. मंग पोरं मोठी झाली, ती बोलायला लागली का नाथानं नांगराचा बैल जुंपून मैदान मारलं. मी खोटं बोललो नाय. पन कोनी बोल्लं तर नाय बी बोललो नाय. तू लहान व्हतास. छकड्यावरनं उतरलो तर तू माझ्या पायाला मिठी मारलीस. तुझ्यापुढं कसा नाय बोलनार.

माझ्या डोळ्यांत पानी व्हतं, असं तू अंजनीला लिवलंस, ते तिनं आज वाचून दाखवलं. व्हतं. ते कशाचं व्हतं ते आता तुला कळलं.

मी पंचांकडं जातो. दगडावर ठाकराचं नाव लिवा म्हनून सांगतो. त्यांनी नाय ऐकलं तर माझं तरी लिवू नका, एवढं ऐकतीलच. तू रागवायचा तर माझ्यावर रागव, नि माघात घरी ये.

तुझा बाप,
नाथा

॥ श्री ॥

उल्हासनगर, कॅम्प १
रविवार, २९ डिसेंबर १९५७

तीर्थरूप दादांचे सेवेशी,
बालके सदूचे शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र मी सहा वेळा वाचले. ताईला मी जे लिहिले त्याची मला लाज वाटते. तिला वेगळे पत्र लिहिले आहे, पण तुम्हीही तिला सांगा. मी तुमच्यावर रागावलो नाही. खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस रागावलो होतो. मग लक्षात आले की हे पत्र लिहायला चौतीस सालच्या छकड्यावर बसण्यापेक्षा जास्त छाती लागली असेल. मला तुमचा अभिमान वाटतो, आधी वाटत होता त्याहून जास्त.

पंच काय म्हणतील याचा मी विचार केला. एका म्हाताऱ्या ठाकराचे नाव कोरायला ते सहज तयार होणार नाहीत. म्हणतील, आम्ही पाहिले नाही. मग त्यांना दाखवावे. आमच्या गॅरेजात ट्रक ओढत नाही अशी तक्रार आली की शेठ आधी इंजिन उघडत नाही. तो ड्रायव्हर बदलून बघतो. तोच ट्रक दुसऱ्या माणसाच्या हातात धावला तर दोष कोणाचा ते कळते. तसेच इथे करा. एका बाजूला नवसू, दुसऱ्या बाजूला हिंदुराव. दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत नवसूला हिंदुरावाची जोडी आणि हिंदुरावाला आपली. दुसऱ्या फेरीत जोड्या बदलायच्या. फांजिओ आणि नुव्होलारी आता कधीच समोरासमोर येणार नाहीत, नुव्होलारी वारला. आपल्या गावाला मात्र दोन काळांचे दोन हाकणारे एका माळावर उभे करता येतात. हिंदुराव मर्द असेल तर नाही म्हणणार नाही.

माझी फिटरची परीक्षा अंबरनाथच्या कारखान्यात नेमकी ४ फेब्रुवारीला, जत्रेच्या दिवशी लागली आहे. सोडून यावे असे मनात आहे. आज्ञा कळवावी. मुलाकडून झालेले उणे पोटात घालावे, आणि आशीर्वादाचा हात तसाच डोक्यावर असू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
सदू

॥ श्री ॥

चामटोली
रविवार, १२ जानेवारी १९५८

चि. सदूस,
अनेक आशीर्वाद.

आधी आज्ञा. दादा म्हणतात परीक्षा सोडलीस तर जत्रेला आलेला तू त्यांना दिसणारच नाहीस. तेव्हा अंबरनाथला जा, मन लावून पाने फिरव. मी सगळे पाहून तुला लिहीन. मला लिहिलेले तुझे पत्र मी जपून ठेवले आहे. पुढच्या भांडणात उपयोगी पडेल.

दादा पंचांसमोर उभे राहिले तो प्रसंग सोपा नव्हता. त्यांनी काहीही आडपडदा न ठेवता सांगितले. दोन-तीन जण हसले. एकाने विचारले, मग एवढी वर्षे मूग गिळून बसला होता काय? दादा म्हणाले, हो. बनूबाईंनी तर पदर कंबरेला खोचून सांगितले की आमच्या माणसाचे नाव ठाकराला देता तर मी देवळाची पायरी चढणार नाही. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. पाणवठ्यावर माझ्याशी निम्म्या बायका बोलत नाहीत, उरलेल्या निम्म्या जास्तच बोलतात.

तुझी जोड्या बदलायची युक्ती हिंदुरावाला सांगितली. तो म्हणाला, मला रोज आरशात बघून हेच वाटते की मी जिंकतो की माझे बैल, एकदा होऊन जाऊ दे. पंचांना नाही म्हणायला तोंडच उरले नाही. दोघांत जो दोन्ही फेऱ्या जिंकेल त्याचे नाव दगडावर, असे ठरले.

अडला तो नवसू. दादा स्वतः वाडीवर गेले, काठी टेकत. नवसूने आधी साफ नकार दिला. म्हणाला, हरलो तर नाथाशेटची उरलीसुरली जाईल. दादा त्याच्या पडवीत दुपारपर्यंत बसून राहिले, ठमीने केलेली नाचणीची भाकरी जेवले, आणि त्याला घेऊनच उठले. आता तो आपल्या गोठ्यात मुक्कामाला आहे. लाल्या आणि पवळ्या या आपल्या नांगराच्या बैलांना रोज सकाळी चिंचेच्या वळणावर नुसता चालवत नेतो आणि आणतो. पळवत नाही. मी विचारले की असे चालवून काय होणार. म्हणाला, त्यांना घाई कुठे करायची नाही ते कळले पाहिजे.

परीक्षेला जाताना दहीसाखर खाऊन जा, मी तिथे नाही म्हणून टाळू नकोस. तुझ्यावरचा लोभ इथे ओतप्रोत आहे, पत्रात मावत नाही एवढेच.

तुझी ताई,
अंजनी

॥ श्री ॥

चामटोली
बुधवार, ५ फेब्रुवारी १९५८

चि. सदूस,
अनेक आशीर्वाद.

आज शाळेला सुटी आहे आणि माझा घसा पार बसला आहे. एरवी मुलांवर ओरडून बसतो, या वेळी कशाने बसला ते वाच.

काल माळावर मुंगी शिरायला जागा नव्हती. बदलापूर, मोरिवली, वांगणी, कुठकुठली माणसे आली होती. वाडीवरची सगळी मंडळी प्रथमच पुढच्या रांगेत बसली होती, दादांनीच त्यांना आणून बसवले. ठमी माझ्या शेजारी होती. तिने माझा हात असा धरला होता की आज बांगडीचे वळ उठलेत. दादांनी आपला लिंबाच्या रंगाचा फेटा नवसूला स्वतः बांधला. नवसू सवयीने शेमला तोंडावर ओढू लागला, तेव्हा दादांनी त्याचा हात धरला आणि चारचौघांत सांगितले, तोंड झाकायचे नाही. धूळ खा, पण तोंड दिसू दे.

पहिल्या फेरीत नवसूकडे हिंदुरावाचे हौशा-तुफान आणि हिंदुरावाकडे आपले लाल्या-पवळ्या. नवसू सहज जिंकला, चार बैलांचे अंतर ठेवून. पण लोक म्हणाले, बैल हिंदुरावाचे, मग त्यात काय नवल. बनूबाई मोठ्याने म्हणाल्या की एवढे तर आमची शेळीही करील. मग जोड्या बदलल्या.

सुटल्या सुटल्या हौशा-तुफान पुढे गेले. हिंदुराव चांगला हाकतो, सदू, हे तू मान्यच कर. ओढ्यापासून चिंचेपर्यंत त्याने एक छकडाभर अंतर घेतले. आणि वळण जवळ येते तोच नवसूने काय केले असेल तर कासरा ओढून बैल आखडले. दोन छकड्यांचे अंतर पडले. सगळ्यांनी हाय खाल्ली, हे तर डोळेच मिटून बसले. हिंदुरावाची जोडी भरधाव वळणात शिरली ती बाहेर फेकली गेली, पार बांधापर्यंत. तिला सावरता सावरता त्याचे दंड भरून आले. आपले बैल मात्र आतल्या अंगाने असे वळले की जसे रोज सकाळी चालत वळायचे. नवसू आतल्या चाकावर पूर्ण झुकला होता. त्याने आसूड एकदाही उचलला नाही, नुसता जीभ टाळ्याला लावून चकचक करत होता. वळणातून दोन्ही छकडे बरोबरीने बाहेर पडले. त्यानंतर मी काय ओरडले ते मला आठवत नाही. नीलिमा म्हणते ज्या शब्दांसाठी मी मुलांना शिक्षा करते तेसुद्धा ओरडले. लाल्याचे शिंग पुढे होते. फक्त शिंग, पण सगळ्या माळाने ते पाहिले. नवसूचा चेहराही पाहिला, धुळीने पांढरा झालेला, आणि दात दिसत होते.

हिंदुराव छकड्यावरून उतरून पळतच नवसूकडे गेला. मला वाटले भांडतो की काय. त्याने विचारले, वळणाच्या आधी आखडले कशाला? नवसू म्हणाला, तुझे बैल वाऱ्याचे आहेत, त्यांना वळण दिसत नाही, ते तू त्यांना दाखवायचे. हिंदुरावाने तिथेच त्याला पुढच्या पावसाळ्यात बैल शिकवायला ये म्हणून गळ घातली. पंचांनी पाथरवटाला बोलावून नाव सांगितले. नवसू ठाकर. बनूबाई देवळाची पायरी चढल्याच.

आता जे लिहायचे म्हणून सकाळपासून बसले आहे ते लिहिते. आमराईत छकडा थांबला. ताशेवाले तयार होते. रीतीप्रमाणे नवसू खाली उतरायला लागला आणि सगळे दादांकडे बघू लागले, कारण बैल आपले, छकडा आपला. दादांनी नवसूच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला परत वर बसवले. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, लाल्याचा कासरा हातात घेतला आणि बैलांच्या पुढे अनवाणी चालू लागले. एक क्षण ताशे वाजलेच नाहीत. मग हिंदुराव धावत येऊन दुसऱ्या बाजूला पवळ्याचा कासरा धरून चालू लागला, आणि मग जे वाजायला लागले ते देवळापर्यंत थांबले नाही. सदू, सगळ्या गावासमोर आपला बाप एका ठाकराच्या छकड्यापुढे चालला होता, आणि एवढे ताठ मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी रडले. हेही रडले, पण ते धूळ गेली म्हणतात.

घरी आल्यावर दादांच्या तळपायांत काटे निघाले ते मी काढले. जेवताना नवसूचा पाट त्यांनी स्वतः आपल्या पाटाशेजारी मांडला. जेवण झाल्यावर मला म्हणाले, सदूला लिही, चौतीस सालानंतर मी आज पहिल्यांदा जत्रा बघितली.

परीक्षेचे काय झाले ते उलट टपाली कळव. तुला आणि तुझ्या शेठला दोघांनाही घरचे बोलावणे आहे. लोभ आहे तो वाढवावा, आणि वाढवायला स्वतः येऊन जावे.

तुझी ताई,
अंजनी